वीस मीटर

अर्जात विचारलं होतं, किती चालता येतं?
वीस मीटरपर्यंत, वीसहून जास्त, पन्नासहून जास्त.
मी पेनचं टोपण चावत बसले.
मंगळवारी की बुधवारी, असा रकाना नव्हता.

त्याला आता एकेचाळीस आठवडे झाले.

फोनवरची बाई म्हणते, रांगेत तुमचा नंबर एकतिसावा.
मी फोन ब्रेडच्या डब्याला टेकवून ठेवते.
व्हायोलिन वाजत राहतं, तेच ते,
तेवढ्यात बटाटे सोलून होतात. स्टुलावर बसून, दोन.
याच हातांनी ग्रिम्सबीच्या गोदीवरच्या शेडमध्ये
हॅडॉकचा काटा मी एका दमात ओढायचे,
सुरी कुठे वळतेय ते बघावं लागायचं नाही.
आता सुरी वळते आणि मला नंतर कळतं.
नंबर सहा. नंबर चार.
मग खट्ट.
आणि स्वयंपाकघर एकदम मोठं होतं.

हे सगळं मी वडिलांच्या वहीत टिपून ठेवते,
तारीख, किती मिनिटं, कोण बोललं.
वही भरती-ओहोटीच्या वेळांची, माझ्या जन्मसालची.
छापील आकड्यांच्या शेजारी माझे आकडे.
पाणी त्या साली मिनिटाला धरून आलं, मिनिटाला धरून गेलं.
वडील मात्र दोनदा नऊ-नऊ दिवस उशिरा आले.

आई सांगायची, ट्रॉलर सुटायच्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत,
नवरा धुऊन जातो.
पत्र यायचा दिवस मला ठाऊक नाही,
म्हणून धुणं रोजच राहतं.
(खरं कारण ओली चादर. ती मला उचलत नाही.)

वाट बघ, म्हणतात सगळे.
बघते की. खिडकीतून दिसते तेवढी:
शेजारच्या गाडीचं मागचं चाक, कचऱ्याचा निळा डबा,
कोपऱ्यावर वळणारी पोस्टाची लाल ट्रॉली,
नाहीतर न वळणारी.
विजेच्या मीटरमध्ये चार पौंड उरलेत.
संध्याकाळी मी एकाच खोलीत राहते
आणि तिलाच आळीपाळीने सगळ्या खोल्यांची नावं देते.

कुणाला सांगू नका, पण मधूनच एखादा बरा दिवस येतो.
न कळवता येतो. मी दचकते,
पडदे ओढून घेते,
जणू चोरीचा माल दाराशी उतरलाय.
कुणी पाहिलं तर? लिहून घेतलं तर?
दुखण्याचे पुरावे फाईलभर आहेत माझ्याकडे,
बरं वाटण्याचा खुलासा कुठून आणू?

काल तसा दिवस होता.
काठी घेतली, धक्क्यापर्यंत गेले.
मीटर मोजले नाहीत.
खोटं. मोजले. दोनशे चाळीस.
भिंतीवर बसून चिप्स खाल्ले, व्हिनेगर जास्तच झालं होतं.
पोटऱ्यांमध्ये उद्याचं बिल तयार होत होतं,
मला ऐकू येत होतं, तरी उठले नाही.
(ते आज आलं. अंथरुणातूनच लिहितेय.
वहीत कालची जागा कोरी सोडलीय.)

तेवढ्यात समोरून डेझमंड, ट्रॉली ढकलत,
रोज माझ्या दाराशी नुसती मान हलवून जाणारा.
त्याने काठीकडे पाहिलं, चिप्सकडे,
मग माझ्या मागच्या लांबलचक रस्त्याकडे.
म्हणाला, "मी तुला पाहिलेलंच नाही, लोर्ना."
आणि आमच्या गल्लीचा गठ्ठा काढला.
सकाळीच बघून झाला असणार त्याचा,
तरी एकेक पाकीट पुन्हा उलटलं, हळूहळू,
शेडमध्ये आम्ही राहून गेलेला काटा
बोटांनी चाचपायचो, तसं.

काही नव्हतं.

मी पुडा त्याच्यापुढे धरला.
सगळ्यांत लांब चिप त्यानेच उचलली, मेल्याने.