एकास चोवीस

दिवसभर मी दात करतो.
धुळ्यात, चौथ्या गल्लीत, जिन्याखालच्या लॅबमध्ये
प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने मांडलेले,
प्रत्येकावर पेन्सिलीने गाव:
सोनगीर, नेर, कापडणे, मुकटी.
डॉक्टरांची चिठ्ठी येते, "थोडे पिवळसर ठेवा."
फार पांढरं हसणं खेड्यात खपत नाही.

रात्री त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली
गाडी काढतो.
वीतभर लांब, दोन दारांची, इटलीची,
जमिनीला इतकी चिकटलेली
की आमच्या गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर
तिचं पोट फाटेल.
एकशे बारा तुकडे.
एकेक चौकटीतून कापायचा,
कापल्या जागची गाठ तासायची,
जशी दाताची कड तासतो, जिभेला लागू नये म्हणून.

अवघड असतं ते रंगाचं.
चैत्रात दुपारी फवारला तर
नळीतून ओला निघतो
आणि गाडीवर पोचेपर्यंत भुकटी होतो.
म्हणून पहाटे साडेतीनला
फरशीवर पाणी मारायचं, पंखा बंद,
बनियनसुद्धा काढून ठेवायची, सुती धागा वैरी,
आणि श्वास धरून एकच हात:
सुरुवात गाडीच्या आधी,
शेवट गाडीच्या नंतर.

आग्रा रोडवर तौसीफकडे लाल मागितला
तर म्हणाला, किती लिटर?
पन्नास मिली.
स्कूटीचं मडगार्ड का?
नाही, अख्खी गाडी.
तेव्हापासून तो पैसे घेत नाही,
डब्याच्या तळाशी उरलेलं देतो.
त्यामुळे माझी इटलीची गाडी
खरं तर दोंडाईच्याच्या एका ट्रॅक्टरच्या रंगाची आहे.

लॅकरच्या तिसऱ्या हातात डास बसला.
बसला म्हणजे कायमचा,
पाय पसरून, बॉनेटच्या मधोमध,
जणू कंपनीचं चिन्ह.
आठ दिवस वाळू दिलं.
मग दोन हजार नंबरचा कागद, पाणी,
आणि एका बोटाचं वजन, त्याहून जास्त नाही.
डास गेला. एक पाय राहिला.
आणखी घासलं तर खालचा राखाडी वर येईल.
थांबलो.
कवळीच्या पॉलिशनं चकाकी आणली,
ट्यूबलाइट बॉनेटवर उतरली,
कुठे न तुटता.

आत बारा सिलिंडर आहेत.
जळक्या मोटारीच्या कॉइलमधून सोडवलेली तार,
बाराही जागी ओढलेली.
हे बॉनेट उघडत नाही. चिकटवून टाकायचं असतं.
कवळीच्या हिरडीतही मी
लाल रेशमाचे तुकडे घालतो, शिरा वाटाव्यात म्हणून,
आणि त्या ओठाआड जातात.

काल कापडण्याचे झुलाल आप्पा आले,
तुटकी कवळी रुमालात बांधून.
"काय शे रे भो हाई?"
गाडी.
"चालस का?"
नाही.
"मंग काब्र बनाडस?"

मी चीर भरत होतो, मान वर केली नाही.
ते वाकले.
लाल बॉनेटमध्ये त्यांचं रिकामं तोंड
या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत ताणलं गेलं.
ते हसले. तोंडही हसलं.
मग मोतीबिंदू काढलेला डोळा बारीक करून म्हणाले,
"डासना पाय शे आठे."

तीन वर्षांत एवढं बारकाईनं
कुणीच पाहिलं नव्हतं.

कवळी घालून गेले.
एकास एक मापाचं मी आयुष्यात
एवढंच केलंय.
कोपऱ्यावर फुटाण्यांची गाडी असते.
कान देऊन बसलो.
थोड्या वेळानं, भर गल्लीतून, तोंड भरलेलं असतानाच,
"चालतस रे भो! चालतस!"

मी टेबलाखाली वाकलो.
डाव्या बाजूचा आरसा
परवापासून सापडत नाहीये,
तांदळाएवढा.