परत

गणितात मला भोपळा मिळाला तेव्हा
हा दुसरा भोपळा लिंबाएवढा होता.
नववीच्या उगवणीच्या प्रयोगातलं एक बी
कुणी खिडकीतून फेकलेलं,
ते बंद प्रयोगशाळेच्या भिंतीवरून पत्र्यावर गेलं
आणि जिथं पत्रा उरला नव्हता
तिथून आत लोंबलं,
उशिरा आलेलं पोरगं वर्गात डोकावतं तसं.
दहावीच्या टारगटांनी त्याच्यावर नखानं माझं नाव कोरलं,
शांतवन.
भोपळा फुगत गेला, अक्षरंही फुगली.
दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं नाव वीतभर झालं.

परतूरचं लुथरन हायस्कूल.
घंटा म्हणून रुळाचा तुकडा,
मकासरे पॉइंट्समननं आणून दिलेला,
कुठून ते विचारायचं नाही.
पटावर एकशे सव्वीस, बाकांवर नव्वद,
उरलेले पिवळ्या बसनं इंग्रजी मीडियमला,
नावं तेवढी आमच्याकडं ठेवून.
मास्तरांचे पगार पाच महिने थकलेले.
गव्हाणे सर संध्याकाळी आडतीवर
सोयाबीनच्या पट्ट्या लिहायचे.
सकाळी फळ्याकडं वळले की
शर्टाला मागून भुसा चिकटलेला दिसायचा.
आम्ही हसत नव्हतो.
एकदा हसलो होतो.

कापणीच्या सणाला चर्चमध्ये लिलाव असतो.
त्या साली पाळकसाहेब म्हणाले, सगळा पैसा पत्र्यांना.
दोन कोंबड्या, पायलीभर तूर,
दुशिंगबाईंनी विणलेला टेबलक्लॉथ,
आणि वेदीपुढं, माझं नाव लोकांकडं करून, तो.

बोली पुकारायला सर. आडतीचा सराव होता.
वही माझ्याकडं. ही शिक्षा होती.
हातचा विसरू नको, एवढंच म्हणाले.

मकासरे, पन्नास. एक वार, दोन वार, तीन वार.
त्यांनी भोपळा खांद्यावर घेतला,
दारापर्यंत गेले,
चप्पल घालता घालता थांबले.
"शाळंला परत."

सरांना कळेना. आडतीवर असली रीत नव्हती.
मग पुन्हा पुकारा.
खुर्च्यांचं भाडं मागायला आलेले चाँदभाई मंडपवाले
मागूनच ओरडले, दोनशे एक.
परत.
आठवीच्या पोरींनी ओढणीच्या गाठी सोडल्या, सत्तावीस रुपये.
परत.
बियाण्याच्या दुकानाचे सारडा शेठ, पाचशे,
वर म्हणाले, बी चांगलं दिसतंय.
परत.
भोपळा या हातातून त्या हातात,
कोंबड्या विसरल्या, त्या बाकाखाली झोपल्या,
सरांचा आवाज बसला
आणि माझी पेन्सिल तापली.
एका भोपळ्याची एकोणीस वेळा विक्री
मी एकाखाली एक मांडत गेलो.

विसाव्या बोलीला राहेलबाई उठल्या,
होस्टेलच्या स्वयंपाकीण.
"तीस."
तीन वार झाले. त्यांनी भोपळा कडेवर घेतला
आणि वळल्याच नाहीत.
सर म्हणाले, "बाई, परत?"
"परत कसलं? उद्या पोरांच्या ताटात काय वाढू,
एक वार, दोन वार?"

अकरा हजार चारशे ऐंशी.
सरांनी बेरीज दोनदा तपासली,
तिसऱ्यांदा शेवटच्या बाकावर बसून, एकट्यानं.
लाल पेननं खाली लिहिलं, बरोबर.
चाचणीचे गुण मात्र वाढवले नाहीत.

पत्रे लागणार होते अठ्ठेचाळीस, आले एकवीस.
पुढं वर्षभर नववीच्या वर्गात
सावलीची एक सरळ रेघ होती,
आणि दर तासाला आम्ही बाक बदलायचो,
उन्हातले सावलीत, सावलीतले उन्हात,
कुणी न सांगता.

दुसऱ्या दिवशी भाजी झाली, सालासकट.
कुणाच्या ताटात 'शां' आलं, कुणाला 'त',
कुणी 'व' वर धरून दाखवला आणि खाल्ला.
माझ्या वाट्याचा तुकडा कोराच होता.
मीठ जरा कमी होतं.
मी पुन्हा मागून घेतली.