पंचवीस लाईट

सकाळी सातचा नंबर मी भांडून घेतला.
नवतपा तोंडावर आलेला.
गोळीबार चौकातून निघायचं ते साडेसहाला,
आई मागे, सुनेची सलवार घालून,
दोन्हीकडे पाय टाकून.
बासष्ट वर्षांत पहिल्यांदा.
एका बाजूनं बसलं तर उजव्या हातानं धरावं लागतं
आणि उजवा हात अजून नीट धरत नव्हता.

त्याआधी महिनाभर ती भिंतीवर बोटं चढवत होती,
मुंगीसारखी, फिजिओनं सांगितलं तशी.
जिथं थकायची तिथं शिलाईच्या खडूनं रेघ,
मग टेप लावून बघायची: पाऊण इंच. आज काहीच नाही.
हात डोक्यावर गेल्याशिवाय मशीन घेत नाही म्हणतात.

पहिल्या दिवशी गेडाम मॅडमनं अंगावर रेघा मारल्या.
आत काय झालं ते मी विचारणार नव्हतो.
आईच म्हणाली, गाऊनची दोरी बांधत,
"हात साफ आहे पोट्टीचा.
टक्स मारावे तशा मारते.
फक्त घाई करते थोडी."
चाळीस वर्षं पाचपावलीला कटोरी ब्लाउज शिवणारी बाई
एवढंच बोलली.

मग रोज तेच.
"चंद्रकला पौनीकर" अशी हाक,
जाड दार, वर लाल दिवा,
आणि सगळे बाहेर, अगदी मॅडमसुद्धा.
चहा थंड व्हायच्या आत ती परत येते.
"लागलं?" "काय लागणार. दिवा आहे तो."
बाकावर तुमसरच्या इंदूबाई,
बालाघाटहून आलेले एक काका, ज्यांचा आवाज गेलाय,
ते पाटीवर लिहून विचारतात: किती झाले?
आई बोटं दाखवते.

चौदाव्या दिवशी मशीन बंद.
बाहेर सेहेचाळीस, आतला एसी बसला,
आणि मशीनला म्हणे गर्मी चालत नाही.
आम्हाला कोणी विचारलं नाही.
अकरा वाजेपर्यंत आईनं पर्समधून सुईदोरा काढून
सात गाऊनच्या तुटक्या दोऱ्या लावल्या,
इंदूबाईंच्या गाऊनला तर काजंसुद्धा केली.
मी खिशातला कांदा चाचपत बसलो,
लू लागू नये म्हणून तिनंच दिलेला.

साबण नको, पावडर नको, काखेत काहीच नको.
रात्री ती कूलरसमोर गाऊनची एक बाजू सोडून झोपते,
वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर.
दोन वाजता टाकीतलं पाणी संपतं
आणि मी बादली घेऊन येतो,
मान भिंतीकडे वळवून, आंधळ्यासारखा,
अर्धं पाणी फरशीवर.

एकोणिसाव्या रात्री ती जागीच होती.
"काऊन रे असा येतं रोज?
पाहून घे ना एक डाव. मान अकडन तुही."

मी बादली खाली ठेवली.
नाइटलॅम्पच्या उजेडात सपाट जागा,
शिवणीची आडवी रेघ, काखेपर्यंत गेलेली,
आणि भोवती चौकोन, तपकिरी, कडेला लालसर,
गेडाम मॅडमच्या निळ्या रेघांच्या बरोबर आतला.
काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी म्हणालो, "जळजळतं का?"

तिनं बोट न लावता, वरून हवेतच
त्या कडेवरून हात फिरवला,
गिऱ्हाइकाला कापड दाखवतात तसा.
"इस्त्री जराशी जास्त टेकली.
कापड चांगलं आहे. जळलं नाही."

मग म्हणाली, पाणी टाक लवकर, मोटर कोरडी फिरते.

पंचविसाव्या दिवशी कोणी काही वाजवलं नाही.
फाइलवर शिक्का, तीन महिन्यांनी दाखवायची तारीख.
आईनं टेप काढला आणि गेडाम मॅडमला
कॉरिडॉरमध्येच उभं केलं:
"तुहे खांदे उतरते आहेत, बाई.
म्हणून ब्लाउज घसरते. मले माहीत आहे पहिल्या दिवसापासून.
कापड आणून दे."
मॅडम हसली, मग हसता हसता थांबली,
हात बाजूला करून सरळ उभी राहिली.
रोज आई झोपायची तशीच, न हलता.

परतताना इतवारीकडून घे म्हणाली, अस्तर घ्यायचं.
स्वतःसाठी का मॅडमसाठी, मी विचारलं नाही.
दुकान दहाला उघडतं.
आठ वाजले होते.
शटरच्या पायरीवर अजून सावली होती थोडी,
आम्ही बसलो.