ऋणचिन्ह

ओस्ट्रावात आता कोळसा निघत नाही.
खाणीच्या लोखंडी चाकावर कबुतरं बसतात,
आणि गावाच्या कडेला, विद्यापीठाच्या आवारात
एक यंत्र रात्रभर घरघरतं.
त्याच्या उष्ण श्वासावर
वरच्या मजल्यावरच्या खोल्या ऊब धरतात.

यार्मिला तिथे गुआनिन मांडते.
म्हणजे एक अक्षर. सोळा अणू.
त्याच्या दोन क्रमांकाच्या नत्राला
डांबराचा तुकडा चिकटलेला, पाच कड्यांचा:
कोकभट्टीच्या धुरातून आलेला,
फुप्फुसात उतरलेला,
शरीरानं धुऊन टाकायचा म्हणून
प्राणवायू चोळलेला,
आणि त्या चोळण्यानंच धार चढलेला.

ती विचारते, एवढं ओझं घेऊन
हे अक्षर उभं राहील कसं?
खोबणीत अंग चोरून,
की जोडीदाराला बाहेर ढकलून
पायऱ्यांच्या मधे आडवं?
किती किलोकॅलरींचा फरक?
पाणी तिनं थेंबाथेंबानं घेतलेलं नाही, परवडत नाही.
सगळीकडे सारखी ओल धरली
आणि पुढे गेली.

आमच्याकडे ध चा मा व्हायला
कुणी बाई लागली, असं सांगतात,
शाई लागली, वैर लागलं.
इथे कुणाचं कुणाशी वाकडं नाही.
नक्कल करणारा येतो, ग पाशी अडखळतो,
समोर अंदाजानं काहीतरी ठेवतो,
त्याला घाई असते.
पुढच्या नकलेत ग चा थ.
फिर्याद नाही. खलिता नाही.

ओल्डरिख, तिचा बाप,
एकतीस वर्षं भट्टीच्या दारांवर होता.
दार उघडलं की आधी पिवळा धूर, मग नारिंगी,
मग आपलेच हात दिसायचे नाहीत.
आता रुळांपलीकडे त्याचा जमिनीचा तुकडा आहे,
नवलकोल, कांद्याच्या दोन रांगा,
एक आलुबुखार, ज्याला फळं धरत नाहीत.
नवलकोलाची पानं तो तीन पाण्यांनी धुतो.
पहिलं पाणी अजून राखाडी निघतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या फुप्फुसाचा
वरचा भाग काढला.
शुद्धीवर आल्यावर म्हणाला,
"तुझ्या यंत्राला विचार, कुठल्या पाळीत झालं हे?
रात्रपाळी असेल तर
भत्ता मागतो."

सहा दिवसांनी उत्तर आलं.
आकडा इतका देखणा
की तिला आधी आनंद झाला, मग शंका आली.
वर, अगदी वर, तिनंच टंकलेल्या यादीत
तेविसाव्या अणूपुढचं ऋणचिन्ह गळलं होतं.
एक हायड्रोजन पातळीच्या खाली हवा तो वर,
डाव्याचं उजवं,
आणि रेणू दुसराच.

यंत्रानं एकदाही विचारलं नाही, हे असंच का?
सहा दिवस, दोनशे छप्पन्न गाभे,
इमानेइतबारे
चुकीच्या रेणूची खरी ऊर्जा.

तिला राग येईना.
तिनं ती आडवी रेघ परत लावली,
काम पुन्हा रांगेत टाकलं,
पुढे दोनशे चौदा जण होते,
आणि ट्राम पकडून बापाकडे गेली.

तो ओणवा बसला होता, बादलीपाशी.
"सापडली का पाळी?"
"नाही. ती नाही सापडायची, बाबा.
कुठला धूर, कुठला दिवस, हे मोजता येत नाही.
माझीच एक चूक सापडली."
"केवढी?"
तिनं हवेत नखानं रेघ ओढली,
एवढीशी, आडवी.

त्यानं ती नीट पाहिली,
जणू अजून तिथेच आहे.
"आमच्या दाराला," तो म्हणाला,
"फट एवढीच असायची."
आणि दुसरं पाणी
कांद्यांच्या मुळाशी ओतून दिलं.