उरियूत

उद्यमबागेत मी सव्वीस वर्षं पंप जुळवतो.
पंप कुरकुरला की आधी पंप उघडत नाही,
पुढची लाइन बघतो.
मालनच्या वेळी हे सुचलं नाही.

तिसऱ्या गेटाजवळच्या चढावर ती थांबायची,
कठड्याला हात लावून, जशी काही गाडीच बघायची आहे.
"दम लागूलाय. वजन वाढलंय की माझं."
मी पण म्हणालो, वाढलंय.

त्याआधी सात वर्षं बोटांची.
डिसेंबरात नळाखाली धरली की पांढरीफटक, मग निळी,
लग्नातली अंगठी शेवटी सोनारानं कापून काढली.
वात आहे, म्हणाले सगळे.
एरंडेल संपवलं आम्ही बाटल्याच्या बाटल्या.

डॉक्टर हिरेमठांनी पावतीच्या पाठीवर हृदय काढलं,
डावीकडं जाड रेघ, उजवीकडं बारीक.
"हा उजवा कप्पा गरीब आहे हो.
फुप्फुसं शेजारीच, नळ्या मऊ, जोर लागत नाही त्याला."
मग नळ्या काढल्या, आणि पेन
एकाच जागी गिरवत राहिले, गिरवत राहिले,
मधे टाचणी जाईल एवढी वाट उरेपर्यंत.
"राखण करणाऱ्या पेशी आहेत या. त्यांना वाटतं, घरात कोणी शिरलंय."
"कोण शिरलंय?"
"कोणी नाही."

आपलं कोण, परकं कोण,
हा वाद मी पाळण्यात असल्यापासून ऐकतो.
दुकानाची पाटी दोनदा रंगवलीय त्यापायी.
पण तिच्या रक्तात सुद्धा?

अंधाऱ्या खोलीत पट्टणशेट्टी बाईंनी
छातीवर गार जेल लावलं. पडद्यावर
उजवा फुगून डाव्याला रेटत होता,
मधली भिंत चपटी, गोलाची अर्धी भाकरी झालेली.
बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, उरियूत.

जन्मभर कानडी ऐकली, हा शब्द नव्हता माझ्याकडं.
उरी म्हणजे जळणं. ऊत म्हणजे सूज.
आमच्यात दाह वेगळा, सूज वेगळी,
यांनी दोन्ही एका पातेल्यात घातली.
तिच्या आत काय चाललंय त्याला
हाच शब्द बसतो, बोल्टला नट बसावा तसा.
घरी येताना बसमध्ये मी तो
तोंडातल्या तोंडात म्हणत होतो.

गोळीचं नाव वाचून मेडिकलवाला हसला माझ्याकडं बघून.
मी म्हटलं, बायकोची आहे.
तो आणखी हसला.
मग मी रिपोर्ट काढून काउंटरवर ठेवला,
त्यानं वाचला नाही, पण गोळ्या मोजून दिल्या.

रात्री तिच्या घोट्यावर अंगठा दाबतो.
फाउंड्रीतल्या ओल्या वाळूत उठतो तसा ठसा
उठतो, आणि राहतो.
किती वेळ राहतो ते मी मोजतो, तिला सांगत नाही.

महिन्यातून एकदा दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात
दोन खुर्च्यांमधे तिला सहा मिनिटं चालवतात.
पहिल्यांदा दोनशे ब्याण्णव मीटर.
काल तीनशे दहा.
अठरा मीटर. आमच्या दारापासून
नळाच्या कट्ट्यापर्यंत, साधारण.

लिफ्ट बंद होती. ती दुसऱ्या पायरीवर थांबली,
यावेळी गाडी बघायला नाही,
नुसतीच, सरळ, मला दिसेल अशी.
"काय बघुलास," म्हणाली, "घडीभर थांब की."
मी थांबलो. खाली कुणाचा तरी पंप
हवा धरून घरघरत होता.