उसवायचे टाके

मेदियाशच्या कारखान्यात माझा नंबर चार-एक-एक-सात.
एकोणीस वर्षं मी पिशव्या शिवते आहे
ज्या कुणाच्या नजरेस पडू नयेत.
लग्नाचे झगे शिवणारी शेजारीण ओल्तेया
रविवारी चर्चबाहेर उभी राहून आपली शिवण मिरवते.
माझी शिवण स्टीअरिंगच्या पोटात घडी होऊन निजते,
आणि गाडी भंगारात जाईपर्यंत निजून राहिली
तर मी जिंकले.

नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते :
टाक्यांच्या दोन जाती.
एक, काही झालं तरी धरून ठेवणारा.
दुसरा, वेळ आली की सुटणारा.
दुसराच अवघड.
लवकर सुटला तर फुकट, उशिरा सुटला तर बरगडी.
मुली हसतात.

लिव्हियूच्या वेळी पिशव्या नव्हत्या.
पट्टा होता.
पण आमच्याकडे पट्टा लावणं म्हणजे
चालवणाऱ्याच्या हातावर संशय.
"मी काय नवशिका आहे?" माझा दीर कोस्ताके म्हणायचा,
आणि माझा नवरा भिडस्त.
नंतर पोलिसांच्या आवारात मी ती दाचिया पाहिली.
पुढची काच नव्हती.
पट्टा मात्र खांबाला लोंबत होता,
कोरा, एक सुरकुती नाही,
आत्ताच दुकानातून आणल्यासारखा.
त्या कोरेपणावरचा राग अजून गेलेला नाही.

आणि परवा होरिया, माझ्या बहिणीचा मुलगा.
सिगिश्वाराचा रस्ता, तिन्हीसांज,
वळणापलीकडे गवताने लादलेली घोडागाडी, मागे दिवा नाही.
घोडा वाचला. गाडीवान वाचला.
समोर आलं अक्रोडाचं झाड,
बुंध्याला कमरेइतका चुना फासलेलं.

गाडी थांबली.
पण ते गाडीचं थांबणं.
माणूस अजून ताशी सत्तरनं पुढेच निघालेला,
आणि त्याच्या आत त्याचं काळीज,
ज्याला काहीच खबर नाही.
पट्टा आधी आखडला.
गळ्याखालचं हाड आणि कंबरेचं हाड,
देहातल्या धरण्याजोग्या जागा त्याला ठाऊक.
मग घडीतले टाके उसवत गेले
तड तड तड
आणि वीतभर जागा दिली.
पापणी मिटायला निघाली, पोचली नाही, तेवढ्यात
माझी पिशवी (माझी नव्हे, सांगते)
फुगली, चेहरा झेलला,
मागच्या भोकांतून श्वास सोडून रिकामी झाली.
फुगलेलीच राहती तर भिंत झाली असती.

दवाखान्यात होरियाच्या छातीवर
डाव्या खांद्यापासून उजव्या कुशीपर्यंत जांभळा पट्टा.
हसला की कळ येते, म्हणून कुरकुरत होता :
चष्मा गेला, मनगटं भाजली, कानात अजून शिट्टी,
"आणि तोंडभर पांढरी पूड, मावशी,
वाटलं, मेल्यावर माणसाचं पीठ होतं."

दुसऱ्या दिवशी मी त्याच आवारात गेले.
चष्मा लावून पिशवीचं लेबल वाचलं.
शून्य-आठ-सहा-दोन. आमच्याकडची नाही.
देशाचं नाव धुरानं अर्धं खाल्लेलं.
बोटांनी शिवण चाचपली :
धरायचं तिथे धरलंय, सुटायचं तिथे सुटलंय.
एके ठिकाणी दोरा जरासा ओढलेला,
शिफ्ट संपत आली असेल.
कोण गं तू?
तुझीही पाठ दुपारनंतर भरून येते का?
तुझ्या खिडकीतून काय दिसतं?
पट्टा पाहिला. चुरगळलेला, लांबलेला,
कड घासून काचेसारखी चकचकीत.
"काही हरवलंय का?" शिपायानं विचारलं.
नाही, म्हटलं.

घरी न्यायला कोस्ताके आला होता, म्हातारा झालाय आता.
मी मागे बसले आणि पट्टा ओढला.
त्यानं आरशातून पाहिलं. "माझ्यावर भरवसा नाही?"
"तुझ्यावर आहे," मी म्हटलं, "अक्रोडांवर नाही."
खटका बसला.
मग घर येईपर्यंत कुणीच बोललं नाही.