मूस

इतवारीत, सराफा ओळीमागच्या बोळात,
दुसऱ्या माळ्यावर माझी भट्टी.
मे महिन्यात बाहेर सेहेचाळीस. आत किती,
ते मोजायचं यंत्र आम्ही घेत नाही.
गाव खानापूर तालुक्यात. धंदा गलाईचा.
म्हणजे दागिना येतो, लगड जाते.

वैजूनं कॉलेजातून जाड पुस्तक आणलं,
मुशीशेजारी धरलं.
"आबा, पेरू. सतराशे वर्षांपूर्वीचं."
वाटीच्या तोंडाएवढी कानातली चकती,
तिच्यावर अंगठ्याएवढा सोन्याचा शिपाई,
आणि त्याच्या नाकात त्याची स्वतःची नथ.
"हलते ती," वैजू म्हणाली.
मी सवयीनं विचारलं, टंच किती?

हसली नाही. सांगत राहिली,
काही दागिन्यांत तर तांबंच जास्त.
ठोकायचं, तापवायचं, आंबट रसात बुडवायचं,
परत ठोकायचं.
वरचं तांबं निघून जातं, सोनं उरतं.
म्हणजे मुलामा, मी म्हणालो.
"मुलामा बाहेरून चढवतात, आबा.
हे आतलंच वर येतं."

मी पकड खाली ठेवली.
तीस वर्षं तेजाबाचा वास नाकात,
आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

मेक्सिकोकडे म्हणे सोन्याहून हिरवा दगड मोलाचा,
आणि पाखराचं लांब हिरवं पीस.
जिन्यातून सोनकुसरे शेठ ओरडले,
"पीस? मंग गहाण काय ठेवत होते बे, कोंबडी?"
सगळे हसले. मीही.

एका राजाच्या पदरी, अशी तिकडची गोष्ट,
एक माणूस होता. काम एवढंच,
राजा पाऊल टाकील तिथं आधी
लाल शिंपल्याची पूड पसरायची.
कौसाबाई झारेकरीण फरशीच्या फटी झाडत होती.
आमची धूळ ती वर्षाच्या ठेक्यानं घेते,
धुते, कण वेचते.
"अन् मंग झाडे कोन?"
पुस्तकात ते नव्हतं.

मग पान उलटलं आणि जहाजं आली.
सगळं मुशीत. महिनोन्महिने.
कामाला तिथलेच सोनार बसवले.
भाता नव्हता त्यांच्याकडे, नळ्या होत्या;
बापांनी घडवलेलं
पोरांनी तोंडानं फुंकून वितळवलं.
वैजूनं माझ्याकडे बघितलं नाही.
बरं केलं.

दुपारी शेठची पुडी आली.
एक बुगडी, जोडीतली दुसरी नाही.
मोत्याच्या जागी भोक,
आणि मागे, जिथं फक्त कान बघतो,
नखाएवढा मासा कोरलेला.
चार ग्रॅम, दोनशे मिली.
टाकणखार टाकला, ब्लोअर लावला.
आधी मासा गेला की भोक, सांगता येत नाही.
मी तेव्हा विचारत होतो,
तो आंबट रस कशाचा गं?

"कसल्याशा झाडाचा."

संध्याकाळी भट्टी निवल्यावर
बोळाच्या तोंडाशी पाव किलो चिंच घेतली.
आणि तांब्याची एक तार.